मार्क बोलीत: ‘लगेच’च्या मागे लागून (प्रकल्प नोंदी)

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

सुरुवात झाली एकदाची. मार्कचं शुभवर्तमान (बायबलच्या नव्या करारातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक, मूळ ग्रीकमधलं) बोली मराठीत, अण्णांच्या आवाजात, सोळा अध्यायांच्या सोळा ऑडिओ फाइल. अण्णा म्हणजे माझे थोरले काका, एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण आवाज अजून असा की शेवटच्या सीटपर्यंत माइकशिवाय जातो. गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, म्हातारी माणसं बरीच आहेत, कुणाला मोतीबिंदू, कुणाला बारीक टाइप दिसत नाही, त्यांच्या मोबाइलवर या फाइल टाकायच्या. डेडलाइन उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), १८ एप्रिल. त्याआधी १४ आणि १५ अध्याय, येशूच्या अटकेचा आणि मरणाचा, तयार पाहिजेतच, बाकीचं मागंपुढं झालं तरी चालेल.

मी ग्रीक रीतसर शिकलेली नाही. लिपी येते, व्याकरण जेमतेम, ओळीखाली शब्दाला शब्द अर्थ दिलेली प्रत आणि डिक्शनरी घेऊन बसते, ऑफिसमधून आल्यावर रात्री दीड तास. पहिल्या अध्यायाचा कच्चा मसुदा आज अण्णांपुढे ठेवला, त्यांनी चष्मा लावला, वाचायला घेतलं आणि अर्ध्यात थांबले. "काय गं, हे लगेच लगेच किती येळा लिहिलंस? आमचा कंट्रोलर पण एवढ्यांदा म्हणत नव्हता."

मी म्हटलं अण्णा, मी नाही लिहिलं, मार्कने लिहिलंय.

"मग त्याला सांग, एकदा सांगितलं की कळतं."

घरी येऊन मोजलं. एका अध्यायात अकरा. वचन (म्हणजे अध्यायातली क्रमांकाची ओळ) १०, १२, १८, २०, २१, २३, २८, २९, ३०, ४२, ४३. ग्रीकमध्ये सगळीकडे तोच एक शब्द, एउथुस (आजचे ग्रीक लोक त्याला एफथीस म्हणतात, पण मी जुनाच उच्चार धरलाय). मी इमानदारीत सगळीकडे ‘लगेच’ टाकत गेले होते आणि ते कानाला कसं लागतं हे वाचून बघितलंच नव्हतं.

५ फेब्रुवारी

एक्सेल शीट बनवली. पूर्ण मार्कमध्ये एउथुस ४१ वेळा येतो (आजच्या अभ्यासकांच्या प्रचलित ग्रीक पाठाप्रमाणे, त्यातला एक, ५:४२ मधला म्हणजे पाचव्या अध्यायातल्या ४२ व्या वचनातला दुसरा, कंसात आहे). अध्यायवार टाकल्यावर गंमत दिसली. पहिल्या सहा अध्यायांत २९, उरलेल्या दहात मिळून फक्त १२. बारावा, तेरावा आणि सोळावा अध्याय, शून्य. म्हणजे गाडी सुरुवातीला सुसाट आणि यरुशलेम जवळ आलं की हळू, असं काहीतरी. हे डोक्यात ठेवायचं, पुढे लागेल.

इतर शुभवर्तमानांशी तुलना केली. लूकच्या शुभवर्तमानात एउथुस एकदा, ६:४९ ला, पाया नसलेलं घर कोसळतं तिथे. पुस्तक मार्कपेक्षा कितीतरी मोठं आणि शब्द एकदा! लूकचा स्वतःचा आवडता शब्द वेगळा, पाराख्रेमा, तो त्याच्या शुभवर्तमानात १० वेळा आणि त्याच्याच दुसऱ्या पुस्तकात, प्रेषितांची कृत्ये मध्ये, ६ वेळा. नव्या करारात इतरत्र तो फक्त मत्तयात, दोनदा, तेही अंजिराचं झाड वाळतं त्या एका प्रसंगात. पाराख्रेमाचा शब्दशः अर्थ ‘हातात जे आहे त्याच्याबरोबरच’, म्हणजे आपलं ‘जागच्या जागी’, ‘तिथल्या तिथे’. मार्क तो शब्द एकदाही वापरत नाही. दोन माणसांची बोलायची सवय, बाकी काय. आमच्या घरात पण काकू ‘लागलीच’ म्हणते आणि तिची मुलं ‘लगेचच्या लगेच’ म्हणतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजची नोंद मोठी होणार.

डिक्शनरीत एउथुसचं पान उघडलं तर पहिला अर्थ ‘लगेच’ नाहीच. पहिला अर्थ ‘सरळ’. वाकडा नसलेला. रस्ता, रेघ, काठी. युक्लिड भूमितीत सरळ रेषेला जो शब्द वापरतो तो हाच, स्त्रीलिंगी रूप एउथेइया, आणि आज अथेन्समध्ये कुणाला पत्ता विचारला आणि सरळ जायचं असेल तर तो ‘एफथीया’ म्हणेल, म्हणजे शब्द अजून रस्त्यावर आहे. दिमिष्कात (दमास्कसला) शौल, म्हणजे पुढचा पौल, आंधळा होऊन ज्या रस्त्यावरच्या घरात बसला होता त्या रस्त्याचं नाव पण हेच, सरळ (प्रेषित ९:११). पुढे त्याच अध्यायात त्याच्या डोळ्यांवरून खपल्यांसारखं काहीतरी पडतं ते ‘लगेच’, आणि तो सभास्थानांत बोलायला लागतो तेही ‘लगेच’, दोन्हीकडे याच कुळातला एउथेओस. सरळ रस्त्यावर सरळ दृष्टी आली म्हणा.

आणि मग लक्षात आलं की मार्कमध्ये हा शब्द अकराच्याही आधी एकदा येऊन गेलाय, मी मोजला नव्हता कारण तिथे तो विशेषण आहे. १:३. यशया संदेष्ट्याचं वचन. आपण लहानपणापासून पाठ केलंय, ‘त्याच्या वाटा नीट करा’. तिथे ‘नीट’च्या जागी एउथेइयास. मग सात वचनांनी तोच शब्द क्रियाविशेषण होऊन येतो आणि पुढे थांबतच नाही. आता मार्कने हे मुद्दाम केलं की आपोआप झालं यावर मी भांडणार नाही, पण ऐकणाऱ्या ग्रीकच्या कानात ‘वाटा सरळ करा’ आणि मग ‘सरळ, सरळ, सरळ’ असं वाजत असणार एवढं नक्की.

अण्णांना फोन केला. म्हटलं अण्णा, तो शब्द घाईचा नाहीये, सरळचा आहे. ते म्हणाले मग आपण पण तसंच बोलतो की. "उठला आन् सरळ निघून गेला. त्यात सरळ म्हणजे काय रेघ मारल्यासारखा गेला का? मधी थांबला नाही, कुणाशी बोलला नाही, वळला नाही." मी गप्प. बरोबर आहे. मराठीत ‘सरळ’ हेच करतो आणि मी ग्रीक डिक्शनरीत शोधत बसले होते. ‘नीट’ पण तसंच, गावात रस्ता विचारला तर ‘नीट जावा, मग डाव्या हाताला’ म्हणतात.

मग त्यांनी अजून एक टाकलं. म्हणाले एसटीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. जलद गाडी असते आणि विनाथांबा असते. विनाथांबा गाडी काय विमानासारखी पळत नाही, तोच रस्ता, तेच इंजिन, घाटात तीही दुसऱ्या गिअरवर, फक्त मधे थांबत नाही. "तुझा मार्क जलद नाही, विनाथांबा आहे."

हे शीटच्या वर ठळक अक्षरात लिहून ठेवलं.

९ फेब्रुवारी

विनाथांबा हा अर्थ धरून अकरा जागा परत वाचल्या.

१:२१ तर मला आधी अडलंच होतं. येशू आणि शिष्य कफर्णहूम गावात जातात आणि ‘एउथुस शब्बाथाला’ (यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी) येशू सभास्थानात शिकवतो. त्याच्या आधीच्या वचनांत शिमोन (हाच पुढचा पेत्र), अंद्रिया, याकोब, योहान कामावर आहेत, जाळी टाकतायत, नीट करतायत, म्हणजे तो शब्बाथ नाही, कामाचा दिवस आहे. मग ‘लगेच’ कसं? घड्याळाने बघितलं तर जमत नाही. पण ‘मधे दुसरं काही सांगण्यासारखं नाही, सरळ शब्बाथावर येऊ’ असं घेतलं की बसतं. कथा सांगणाऱ्याचा सरळपणा आहे तो, पात्रांचा नाही.

१:२० वर तर जीभ चावली. माझ्या मसुद्यात ‘ते लगेच बापाला होडीत सोडून निघाले’ असं झालं होतं. ग्रीकमध्ये तसं नाहीये! मार्कमध्ये एउथुस येशूच्या हाक मारण्याला लागलाय: त्यांना पाहिलं आणि सरळ हाक मारली. मग ते बापाला, जब्दीला, होडीत गड्यांबरोबर सोडून गेले, तिथे ‘लगेच’ नाही. मत्तयात (४:२२) मात्र तो शब्द मुलांच्या निघण्याला जोडलेला आहे. माझ्या डोक्यात रविवारच्या शाळेपासून मत्तयचं चित्र बसलंय आणि मी ते मार्कच्या तोंडी घातलं. दुरुस्त केलं. मार्कने निदान बापाजवळ गडी तरी ठेवलेत, हे काकूला आवडलं.

पेपियस नावाचा दुसऱ्या शतकातला एक बिशप म्हणतो (त्याचं म्हणणं चर्चचा इतिहासकार युसेबियस याने जपून ठेवलंय) की मार्क हा येशूचा शिष्य पेत्र याचा दुभाषा होता, आठवलं ते नेमकं लिहिलं पण क्रमाने नाही. दुभाषा! म्हणजे तोही माझ्यासारखा दुसऱ्याचं बोलणं लिहून काढणारा. बोललेलं आहे म्हणूनच वाक्यं ‘आणि... आणि... आणि’ करत जातात, मधेच ‘तो येतो, तो म्हणतो’ असा चालू काळ येतो, आपण किस्सा सांगताना करतो तसा.

१५ फेब्रुवारी

ऑफिसात रिलीज होतं, आठवडाभर काही झालं नाही. आज थोडंसं.

जुन्या इंग्रजी बायबलमागचा ग्रीक पाठ बघितला तर तिथे बहुतेक जागी एउथुस नाही, एउथेओस आहे. चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, सिनाई आणि व्हॅटिकनच्या, एउथुस आहे, नंतरच्या नकला करणाऱ्यांनी त्याला व्याकरणाचा व्यवस्थित प्रत्यय लावून दिला. ‘बिगीबिगी’चं कुणी ‘शीघ्रतेने’ करावं तसं. १:२३ मधला तर त्या पाठात गायबच आहे आणि १:३१ ला एक जास्तीचा आलाय, शिमोनाच्या सासूचा ताप ‘लगेच’ उतरला म्हणून. चमत्कारात ‘लगेच’ पाहिजे असं कुणाला तरी वाटलं असणार. मी जुना पाठ धरतेय, तापाला लगेच नाही.

त्या इंग्रजी भाषांतरकारांनाही अकरा वेळा एक शब्द सहन झाला नाही, त्यांनी चार-पाच वेगवेगळे वापरले, त्यातला एक ‘स्ट्रेटवे’, ज्यात सरळ रस्ता अजून शाबूत आहे. लॅटिनमध्येही तेच, कुठे स्टाटिम, कुठे प्रोटिनस, कुठे कोन्तिनुओ. सगळ्यांनी वाटून टाकला. मग मीही वाटून टाकू का? पण मग ऐकणाऱ्याला ते ठोके ऐकू येणार नाहीत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शब्दांची ट्रायल. अण्णांना समोर बसवून एकेक वाक्य वेगवेगळ्या शब्दांनी वाचून घेतलं.

‘ताबडतोब’ — परेड वाटते. ‘तत्काळ’ म्हटल्यावर काकू आतून ओरडली, तिकीट मिळालं का? ‘तत्क्षणी’ पौराणिक नाटक. ‘त्वरित’ नोटिशीतला. ‘सरळ’ माणसांच्या जाण्यायेण्याला झकास पण ‘सरळ त्याचं कोड गेलं’ हे कुणी म्हणत नाही. ‘लगेच’ सगळीकडे चालतो पण अकरा वेळा झाला की टोचतो. ‘लागलीच’ म्हातारी माणसं अजून बोलतात, चांगला आहे.

‘लगेच’बद्दल एक गोष्ट मात्र आज पहिल्यांदा दिसली. लागणे, लगत, लगेच, लागलीच. एका घराला लागून दुसरं घर. आपल्या शब्दातही वेग नाहीये कुठे! एक गोष्ट दुसरीला चिकटून आहे, मधे फट नाही, एवढंच. ग्रीकांनी रेघ बघितली, आपण भिंतीला भिंत बघितली. वेगाचा ग्रीक शब्द वेगळा आहे, ताखुस, टॅकोमीटरमधला, बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या शेवटी, ‘मी लवकर येतो’ म्हणताना तो येतो. (टॅकोमीटर म्हटल्यावर अण्णांनी मान हलवली, आमच्या गाड्यांना तो चालू असायचाच असं नाही म्हणाले.)

आणि मग संध्याकाळी भांडी घासताना सापडलं. मी शब्द शोधत होते आणि आपल्याकडे शब्द नाही, अक्षर आहे. च. लगेच, लागलीच, तोच, येताच, तिथंच, तेव्हाच, तसाच. मराठीत फट बुजवायचं काम ‘च’ करतो. पाण्यातनं वर येतोय *तोच* त्याला आकाश फाटताना दिसलं. आत्मा त्याला *तसाच* रानात हाकलतो. जाळी *तिथंच* टाकून ते मागं गेले. त्यांना *बघताच* हाक मारली. शब्बाथ *येताच*. *तेवढ्यातच* सभास्थानात एकजण ओरडला. बोलबाला *तेव्हाच* गालीलभर. बाहेर पडले ते *तसेच* शिमोनाच्या घरी. आल्या *आल्याच* तिचं सांगितलं. *लगेच* कोड गेलं. *लागलीच* त्याला पाठवून दिलं.

अकरा झाले. शब्द सगळे वेगळे पण ठोका एक. अण्णांना फोनवर वाचून दाखवलं, ते म्हणाले आता तोंडात बसतंय.

‘तसाच’वर मी खूश आहे. ‘जेवता जेवता तसाच उठून गेला’ यात जे आहे ते दुसऱ्या कुठल्या भाषेत कसं आणतात मला माहीत नाही.

नियम ठरला: एउथुस नसेल तिथे मजकुरात ‘च’ घालायचा नाही. हे वाटतं तेवढं सोपं नाही, मराठी माणूस च शिवाय दोन वाक्यं बोलू शकत नाही, वर मी या नोंदीत किती वापरलेत बघा.

रात्री पंडिता रमाबाईंची आठवण आली. केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, संस्कृताळलेल्या शब्दांना फाटा देऊन, शिकलेली नसलेली बाईसुद्धा समजेल असं. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. संस्कृत ज्यांच्या जिभेवर होतं त्या बाईने असं करावं. मी एका अध्यायातल्या एका क्रियाविशेषणावर तीन आठवडे घालवले.

१ मार्च

एका मित्राने (सेमिनरीत, पाद्री घडवतात तिथे, शिकतोय) मेसेजवर नवीन घोळ घातला. म्हणाला हिब्रूतला ‘वेहिन्ने’ बघ, ‘आणि पाहा’. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तो बहुतेक ‘आणि पाहा’ असाच येतो पण उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात दोन-तीन जागी त्याच्यासाठी एउथुस वापरलाय. १५:४, अब्राहामाला परमेश्वराची वाणी येते तिथे. २४:४५, दास मनातल्या मनात प्रार्थना करतोय आणि रिबेका घागर घेऊन येते तिथे.

म्हणजे एउथुसची दुसरी एक छटा: आणि बघतो तर काय! मार्क १:२३ ला हे बरोबर बसतं. सगळे उपदेश ऐकतायत आणि बघतात तर त्यांच्याच सभास्थानात अशुद्ध आत्मा लागलेला माणूस. ‘तेवढ्यातच’ तिथे ठीक आहे, बदलत नाही. पण अण्णांना सांगितलं की तिथे आवाज जरा वर न्या.

९ मार्च, रविवार

अध्याय २ ते ४ रेकॉर्ड झाले. दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक, पटकन उरकलं.

चौथा मात्र सोडवेना. पेरणाऱ्याचा दाखला. पाच एउथुस आहेत आणि त्यातले चार वाईट बातमीचे. खडकाळ जमिनीत बी लगेच उगवतं, कारण माती खोल नाही. वाटेवरच्यांकडे सैतान लगेच येतो. खडकाळवाले देवाचं वचन आनंदाने लगेच घेतात आणि संकट आलं की लगेच अडखळतात. पाचवा २९ व्या वचनात, दुसऱ्या दाखल्यात, पीक तयार झालं की तो लगेच विळा घालतो.

मी समजत होते की मार्कला लगेच आवडतं. शिष्य लगेच उठले, शाबास. पण इथे जे लगेच उगवतं ते उन्हं वर आली की करपतं. हे अण्णांना समजावून सांगावं लागलं नाही. आमची वरची दोन एकर मुरमाड आहे, पहिल्या पावसात तिथली बाजरी सगळ्यांच्या आधी वर येते, येणारा जाणारा म्हणतो काय उगवण आहे, आणि पंधरा दिवस पाऊस लांबला की बघवत नाही. "वरवर ओल, खाली दगड. बी काय करणार." वाचताना त्यांनी ‘उगवताच’ वर असा काही सूर लावला की मी रीटेक घेतला नाही, मागे ट्रॅक्टर ऐकू येतोय तरी.

१६ मार्च

पाचवा अध्याय. याईराची मुलगी मरायला टेकलीये, बाप पाया पडतो, येशू निघतो. आणि रस्त्यात थांबतो. बारा वर्षं रक्तस्राव असलेली बाई मागून वस्त्राला शिवते, तिचं रक्त लगेच थांबतं, त्याला लगेच कळतं, दोन एउथुस एकाला लागून एक. आणि मग तो गर्दीत उभा राहून विचारत बसतो, कोण शिवलं. तेवढ्यात पोरगी गेल्याचा निरोप येतो.

म्हणजे शुभवर्तमानातल्या सगळ्यात मोठ्या खोळंब्याच्या पोटात हे दोन ‘लगेच’ आहेत. अण्णा वाचताना अस्वस्थ झाले, गाडीत पेशंट असताना ड्रायव्हर असा थांबत नाही म्हणाले. मी म्हटलं तुम्हीच म्हणालात ना जलद नाही म्हणून. "विनाथांबा पण म्हणालो होतो," ते म्हणाले. यावर मला उत्तर सुचलं नाही आणि मी रेकॉर्डिंग चालू केलं. शेवटी मुलगी लगेच उठून चालायला लागते (बारा वर्षांची आहे, मार्क मुद्दाम सांगतो), आणि तो म्हणतो हिला खायला द्या.

सहावा. हेरोदाच्या वाढदिवसाचा प्रसंग. मुलगी नाचते, बाहेर जाऊन आईला विचारते, आणि एउथुस, घाईघाईने राजाकडे येते, म्हणते मला आत्ता या घडीला तबकात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं पाहिजे. राजा एउथुस शिपाई पाठवतो. मुलीच्या तोंडचा शब्द आणखी वेगळा, एक्साउतेस, ‘त्याच घटकेपासून’, मार्कमध्ये तो या एकाच जागी येतो. ‘आत्ताच्या आत्ता’ ठेवलं. नियमाप्रमाणे तिथे च यायला नको कारण तो एउथुस नाही, पण हट्टी पोरीचं बोलणं दुसरं कुठलं सुचेना. अपवाद क्रमांक १.

२३ मार्च

लाइट नाही. मोबाइल चार्ज नाही. ७ वा अर्धा.

३० मार्च, रविवार

आठवा आणि दहावा मागेपुढे लावून ऐकले. दोन आंधळे. बेथसैदातल्या माणसाच्या डोळ्यांना थुंकी लावून येशू विचारतो काही दिसतं का, तो म्हणतो माणसं दिसतात, झाडांसारखी, चालताना. परत हात ठेवावे लागतात, मग स्वच्छ दिसतं. त्या पूर्ण प्रसंगात एउथुस नाही. एकही नाही. दहाव्याच्या शेवटी यरीहोबाहेर बार्तीमय, त्याला लगेच दिसायला लागतं आणि तो ‘वाटेने’ त्याच्यामागे चालू लागतो.

मार्कला सवय होती, हात बसला होता, म्हणून कुठेही एउथुस टाकायचा असं म्हणणारे असतात. मग बेथसैदाला का नाही टाकला? जिथे फट आहे तिथे तो फट ठेवतो. गावच्या मंडळीत दोघांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना झाडांसारखी माणसं हे वाक्य फार पटेल असं काकू म्हणते, पट्टी काढल्यावर तसंच दिसतं म्हणे पहिले.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

उपासनेनंतर ११ वा. त्यात दोन, शिंगराच्या गोष्टीत: गावात शिरताच बांधलेलं शिंगरू दिसेल, आणि कुणी विचारलं तर सांगा, प्रभूला याची गरज आहे, तो लगेच परत पाठवेल. उसनं नेलेलं जनावर लगेच परत करायचं, या वचनावर अण्णा थोडा वेळ बोलले, गावातल्या एका औतासंबंधी होतं, इथे लिहीत नाही.

दुपारी १४ वा. लांब अध्याय आणि फक्त तीन. येशू अजून बोलतोय तोच यहूदा, त्याला पकडून देणारा शिष्य, येतो. येताच जवळ जाऊन म्हणतो गुरुजी, आणि मुका घेतो. आणि शेवटी पेत्र शपथ घेऊन म्हणतो त्या माणसाला मी ओळखत नाही, तोच दुसऱ्यांदा कोंबडा आरवतो. पहिल्या अध्यायात हाच शिमोन याच शब्दासरशी जाळी टाकून उठला होता. योहानाच्या शुभवर्तमानात यहूदा तुकडा घेऊन एउथुस बाहेर पडतो आणि पुढचं वाक्य तीन शब्दांचं, ‘आणि रात्र होती’. ते आपल्या फाइलमध्ये नाही पण अण्णांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग चहा मागितला.

१६ एप्रिल, बुधवार

पंधरावा. ऑफिसातून हाफ डे घेतला.

पहिलं वचन, ‘उजाडताच’. मुख्य याजक मसलत करतात, येशूला बांधून रोमी सुभेदार पिलाताकडे नेतात. हा मार्कमधला शेवटचा एउथुस. शीटमधली ४१ वी ओळ. पुढे चाबूक, काट्यांचा मुकुट, गुलगुथा, वधस्तंभ, मरण, कबर, रिकामी कबर, कुठेही नाही. त्याऐवजी तास येतात. तिसरा तास होता, म्हणजे सकाळचे नऊ. सहावा तास झाला, दुपारचे बारा, अंधार. नवव्या तासापर्यंत, तीन. मग संध्याकाळ. जो माणूस शब्बाथ आणि कामाचा दिवस एका शब्दात जोडून पुढे निघाला होता तो आता घड्याळ बघत उभा आहे.

अण्णांना सांगितलं, दुसऱ्या वचनापासून शेवटपर्यंत एकही च नाही. ते म्हणाले बघतो. पिलातापर्यंत बरोबर आले. शिपायांच्या प्रसंगात एक ‘तिथंच’ निसटला, परत घेतला. ३८ व्या वचनाला मात्र अडलं. मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. पहिल्या अध्यायात येशू पाण्यातनं वर येतो तोच आकाश फाटतं ना, तिथे जे क्रियापद आहे ते मार्कमध्ये दुसऱ्यांदा फक्त इथे येतं. तिथे एउथुस होता, इथे नाही. आणि अण्णा दोन्ही वेळा ‘तेव्हाच पडदा फाटला’ म्हणाले. म्हटलं अण्णा, तेव्हाच नाहीये. "राहू दे की, चांगलं वाटतंय." म्हटलं मार्कने नाही लिहिलं. "मत्तयात?" मत्तयात ‘आणि पाहा’ आहे, एउथुस तिथेही नाही. तिसरा टेक बरोबर आला, पण थोडे चिडलेत हे आवाजात कळतं. ठेवला.

रात्री हेडफोन लावून पूर्ण फाइल ऐकली. ३३ व्या वचनानंतर, नवव्या तासापर्यंत सगळ्या देशावर अंधार पडला, इथे अण्णा थांबलेत. रेकॉर्डिंगच्या वेळी मला वाटलं होतं ओळ चुकले, मी कागदावर बोट ठेवून दाखवायला गेले होते आणि त्यांनी हात वर करून थांबवलं होतं. फाइलमध्ये ते अंतर अकरा सेकंदांचं आहे. मधे लांब कुठेतरी कुत्रं भुंकतं. ऍप दर वेळी विचारतं की शांत जागा कापू का.

कुत्रं काढलं. अकरा सेकंद ठेवले.